इतिवृत्तातलं गाव

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर आणि हजेरीपत्रकांच्या शेजारी एक लांबट वही असते. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताची. समिती सदस्यांच्या प्रशिक्षणाचं काम करणाऱ्याला या वह्या सारख्या चाळाव्या लागतात, आणि पाच-पंचवीस गावांच्या वह्या वाचून झाल्या की त्यांतले विषय तोंडपाठ होतात. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. पोषण आहाराच्या तांदळाचा साठा. संमिश्र अनुदानाच्या खर्चास मंजुरी. रंगकाम, कुंपण, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहाचं दार. प्रजासत्ताक दिन, स्नेहसंमेलन, ऐनवेळचे विषय. प्रत्येकाखाली 'सर्वानुमते मंजूर', सूचक, अनुमोदक आणि शेवटी सह्या. तिसरीतल्या किती मुलांना धडा वाचता येतो, चौथीतल्या किती जणांना हातच्याची वजाबाकी जमते, कोणतं मूल आठवड्यातून दोन दिवस गैरहजर असतं आणि का, हे विषय या वह्यांमध्ये फार क्वचित भेटतात. गाव शाळेच्या भिंतीपर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. इतक्या वर्षांच्या कामातून माझं एक म्हणणं तयार झालं आहे. लोकसहभाग या शब्दाचा अर्थ आपण वर्गणीपुरता करून ठेवला आहे. शाळा सुधारते ती गाव मुलांच्या शिकण्याकडे लक्ष देऊ लागल्यावर, आणि निर्णय जिथे होतात तिथे त्या लक्षाला वजन मिळाल्यावर. पैसा त्यानंतरचा.

कायद्याला हे अपेक्षित होतंच. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आणली. सदस्यांत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. समितीची कामंही सांगितली: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस, अनुदानाच्या वापरावर लक्ष. २२व्या कलमानुसार हा आराखडाच पुढच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार ठरायला हवा. २४व्या कलमाने शिक्षकांवर जबाबदारी टाकली, की पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावी. वर्गणी गोळा करणं हे समितीचं काम म्हणून या कलमांत कुठेही लिहिलेलं नाही. प्रत्यक्षात मात्र आराखडा छापील नमुन्यात मुख्याध्यापक एका बैठकीत भरतात, कारण वरून तारीख आलेली असते. सह्या पुष्कळदा घरोघर फिरून घेतल्या जातात, कारण सभेच्या वेळी पालक रानात किंवा कामावर असतात. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा येऊन बसतो. ज्या समितीने शाळेचं नियोजन करायचं, तिच्या वाट्याला झालेल्या नियोजनाखाली सही करणं उरतं.

वर्गणीची परंपरा आपल्याकडे थोर आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि पुढे वसतिगृहातल्या मुलांसाठी गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य जमा होऊ लागलं. मुष्टिफंड हा शब्द आजही भाषणांत येतो. पण त्या मुठीमागची परिस्थिती भाषणांत येत नाही. शाहू महाराजांसारखे अपवाद वगळता राज्यकर्त्यांनी शिक्षणाची जबाबदारी घेतली नव्हती, तेव्हा रयतेने आपल्या ताटातलं काढून दिलं. शिवाय ती मूठ देणाऱ्या घरातलं नाहीतर शेजारच्या घरातलं मूल त्या शिक्षणाच्या वाटेवर होतं. देणं आणि आपलेपणा यांची गाठ तिथे बांधलेली होती. आज संविधानाच्या २१क अनुच्छेदाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. वर्गखोली, शिक्षक, पाणी, शौचालय ही सरकारची देणी आहेत. त्या देण्यांसाठी पुन्हा गावापुढे झोळी धरायची आणि तिला मुष्टिफंडाचं नाव द्यायचं, यात त्या परंपरेचाच मान कमी होतो.

वर्गणीचे तोटे कागदावर दिसत नाहीत, काम करताना दिसतात. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला, त्या सुमारास राज्यभर डिजिटल वर्ग, टॅब, बोलक्या भिंती यांसाठी लोकवर्गणीची मोठी लाट आली. अनेक शाळांचं रूप पालटलं, शिक्षकांना हुरूप आला, गावकऱ्यांचे पाय शाळेकडे वळले. हे सगळं खरं आहे आणि त्यामागची तळमळही खरी आहे. पण लाट सगळीकडे सारखी पोचली नाही. बागायती पट्ट्यातल्या, रस्त्यावरच्या, नोकरदार माजी विद्यार्थी असलेल्या गावात लाखांची वर्गणी उभी राहते. डोंगरातल्या पाड्यावर पाचशे रुपये जमवणंही जड जातं. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाचं संमिश्र अनुदान १० हजार रुपये. त्यात खडू-फळ्यापासून स्वच्छतेपर्यंत आणि किरकोळ दुरुस्तीपासून वीजबिलापर्यंत सगळं बसवायचं. जिला सर्वांत जास्त गरज, तिला सर्वांत कमी वर्गणी, असा हा हिशेब आहे. वर्गणीतून वस्तू येते, पण तिच्या देखभालीची सोय येत नाही. वीजबिल थकून जोडणी तुटली की देणगीतला पडदा आणि संगणक कपाटात जातात. आणि देणगीदाराचं शाळेशी नातं बहुधा फलकाच्या उद्घाटनापाशी संपतं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळा दत्तक योजना आणली, तिच्यात ठरावीक देणगीच्या बदल्यात देणगीदाराचं नाव काही वर्षं शाळेला जोडण्याची मुभा आहे. मदत कुणाचीही असो, तिचं स्वागतच. पण शाळेच्या नावात जागा पैशाने मिळत असेल, तर ज्यांची मुलं रोज त्या वर्गात बसतात त्यांची जागा कुठे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मग पैशाऐवजी समित्या सक्षम केल्या की काम झालं का? इथेच माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि तो संशोधनातून आलेला आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात प्रथम संस्थेच्या सहकार्याने अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८० गावांत एक अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथल्या ग्राम शिक्षण समित्यांची अवस्था अशी होती की अनेक पालकांना समिती आहे हे माहीत नव्हतं, आणि काही सदस्यांना आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नव्हतं. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार आणि अनुदानाची माहिती दिली. काही गावांत त्यापुढे जाऊन गावकऱ्यांना मुलांचं वाचन तपासायला शिकवलं, गावाचं प्रगतिपत्रक तयार झालं. तरी सरकारी शाळेच्या कारभारातला सहभाग वाढला नाही, शिक्षकांची हजेरी बदलली नाही, शाळेतलं शिक्षण सुधारलं नाही. मात्र तिसऱ्या प्रकारच्या गावांत तरुणांना वाचनवर्ग घ्यायचं साधं तंत्र शिकवलं, तेव्हा मोठ्या संख्येने तरुण विनामोबदला पुढे आले, आणि त्या वर्गांना बसलेली मुलं वाचू लागली. या अभ्यासावरून लोकसहभाग निरुपयोगी असं म्हणणारे पुष्कळ आहेत. माझं वाचन वेगळं आहे. गावाला मुलांच्या शिकण्याची काळजी नाही, हे जौनपूरमध्ये सिद्ध झालं नाही. काळजी नसती तर ते तरुण आलेच नसते. सिद्ध झालं ते इतकंच, की माहिती देऊन सोडून दिलेल्या माणसाला त्या माहितीचं काय करायचं हे कळत नाही, आणि ज्या समितीकडून काही घडत नाही तिच्याकडे लोक वेळ वाया घालवायला येत नाहीत. मुलाला शेजारी बसवून वाचून घ्यायचं, हे काम मात्र हातात धरता येतं, आणि त्याचं फळ डोळ्यांपुढे दिसतं.

दुसरा पुरावा इंडोनेशियातला. मध्य जावा आणि योग्यकर्ता भागातल्या शाळा समित्यांवर मेन्नो प्रधान आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथे समित्यांना अनुदान देऊन पाहिलं, प्रशिक्षण देऊन पाहिलं, निवडणुकीने समिती नेमून पाहिली, आणि समितीची गावपरिषदेशी गाठ घालून पाहिली. नुसत्या अनुदानाने आणि नुसत्या प्रशिक्षणाने मुलांच्या शिकण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. गावपरिषदेशी जोडणी झाली, आणि त्यातही समिती निवडून आलेली असली, तिथे शिकणं सुधारलं. आपल्या कामाच्या अनुभवाशी हे ताडून पाहिलं की बरंच उलगडतं. आपली शाळा व्यवस्थापन समिती शाळेच्या आवारात एकटी पडलेली असते. तिचा ठराव केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि आवक नोंदवहीत विसावतो. त्याच गावात ग्रामपंचायत असते, तिच्याकडे वित्त आयोगाचा निधी असतो, 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात तयार होणारा आराखडा असतो. दोन आराखडे एकाच गावात, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. शाळेचा आराखडा ग्रामसभेत वाचला गेला, त्यातली कामं ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आली आणि शिक्षकाच्या रिक्त जागेचा ठराव ग्रामसभेच्या नावाने पंचायत समितीकडे गेला, तर त्याला एका मुख्याध्यापकाच्या पत्रापेक्षा नक्कीच जास्त वजन येतं.

शाळेबाहेरच्या माणसांवाचून होऊच शकत नाहीत अशी काही कामं आहेत. दिवाळी झाली की मराठवाड्यातल्या दुष्काळी पट्ट्यातून हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोयत्याबरोबर मूल गेलं की त्याचं अर्धं शैक्षणिक वर्ष गेलं. यावर शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना काढली आणि ती चालवण्याचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहतं, जेवणाची सोय शाळेपाशी होते. हे पोर मागे ठेवा, त्याच्याकडे आम्ही बघतो, हा शब्द तालुक्याचं कार्यालय देऊ शकत नाही. तो शेजाऱ्यानेच द्यावा लागतो, आणि आई-बापाचा विश्वास त्या शब्दावर बसतो. समिती नावापुरती असली की ही योजनाही नावापुरती होते, मुलं पटावर राहतात आणि फडावर सापडतात. दुसरं उदाहरण मातांच्या गटांचं. २०२२ साली 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट वस्तीवस्तीवर केले गेले. ओट्यावर बसून खडे मोजायचे, चित्र पाहून गोष्ट सांगायची, घरातल्या डब्यांची नावं ओळखायची. स्वतः दोन-चार यत्ता शिकलेल्या बायका हे करू शकतात, आणि करतात. शाळेत आल्यावर बाई काय म्हणतील या धाकाने गप्प राहणारी आई तिथे बोलती होते, कारण विषय तिच्या लेकराचा असतो.

इथे दुसरा आक्षेप येतो: अशिक्षित, रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांना अध्यापनातलं काय कळणार? हा आक्षेप सुशिक्षितांच्या तोंडी जास्त असतो. अध्यापनपद्धतीवर पालकाने निकाल द्यावा अशी अपेक्षा कुणीच केलेली नाही. प्रथमच्या 'असर' पाहणीत २००५ पासून वापरलं जाणारं वाचनाचं साधन एका पानाचं आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल अडखळतं की सरळ वाचतं, हे ऐकणाऱ्याला कळतं. स्वतःला वाचता न येणारी आईसुद्धा शेजारच्या आठवीतल्या मुलीला बसवून ऐकू शकते. आणि वेळेचं म्हणाल, तर सभा सकाळी अकराला ठेवायची आणि मजुरीवर जाणारे पालक येत नाहीत म्हणून त्यांना उदासीन ठरवायचं, हा न्याय नव्हे. सभा संध्याकाळी, वस्तीवर, मंदिराच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात झाली की उपस्थिती वाढते. यासाठी शिक्षकाला जादा वेळ द्यावा लागतो, त्या वेळेची सवलत त्याला प्रशासनाने द्यायला हवी.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि त्यात तथ्य आहे. लोकसहभागाच्या नावाखाली सरकार हात झटकेल, रिक्त जागा भरणार नाही, स्वयंसेवकांवर वर्ग चालवील, कमी पटाच्या शाळा बंद करील. ही भीती रास्त आहे, म्हणूनच रेघ स्पष्ट आखली पाहिजे. पगारी शिक्षकाची जागा गावातल्या तरुणाने भरायची नाही. वर्गखोलीचं छप्पर वर्गणीतून घालायचं नाही. गावाने द्यायचं ते लक्ष, वेळ, ओळख आणि पाठपुरावा. त्या पाठपुराव्यातूनच सरकारकडची थकबाकी वसूल होते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाप्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येत नाहीत. हे कलम शिक्षक एकटा वापरू जाईल तर अडचणीत येईल. पण महिन्यात किती दिवस आमचे गुरुजी वर्गाबाहेर होते आणि कुणाच्या आदेशाने, याची नोंद समितीच्या इतिवृत्तात पडू लागली, तर वरच्या कार्यालयाला उत्तर द्यावं लागतं. वाडीवरची शाळा बंद करायचा प्रस्ताव येतो तेव्हाही तेच. पट किती, यावर चर्चा होते. ओढा ओलांडून पुढच्या गावी सहा वर्षांची मुलगी पावसाळ्यात कशी जाणार, हे फक्त तिथले पालक सांगू शकतात. जागं गाव सरकारची जबाबदारी हलकी करीत नाही, ती टाळणं अवघड करतं.

चौथा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मनापासून ऐकायला हवा. गावचं राजकारण शाळेत येतं. समितीच्या अध्यक्षपदावरून गटतट पडतात, ग्रामपंचायतीतला पराभव शाळेत फेडला जातो, बाहेरगावहून येणाऱ्या शिक्षिकेला विनाकारण धारेवर धरलं जातं. जातीचा वास तर काही ठिकाणी पोषण आहाराच्या पातेल्यापर्यंत पोचतो. हे सगळं घडतं. पण समिती निकामी ठेवल्याने गावातलं राजकारण थांबत नाही, ते बंद खोलीत चालतं आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्याच बाजूने चालतं. उघडी सभा, लेखी विषयपत्रिका, पालकसभेतून निवड, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हे बांध याच कारणासाठी आहेत. त्यांच्या जोडीला कामाची एक शिस्त मला अत्यावश्यक वाटते. चर्चा मुलांच्या शिकण्याची करायची, शिक्षकाच्या व्यक्तिमत्त्वाची नाही. मुलं वाचत नाहीत हे दिसलं की पहिला प्रश्न 'गुरुजी काय करतात' हा नसावा. 'गुरुजींना काय कमी पडतं आणि आम्ही घरी काय करू' हा असावा. ज्या शिक्षकाला गावाचा धाक वाटतो, तोच शिक्षक गाव पाठीशी उभं आहे असं जाणवल्यावर किती मोकळा होतो, हे या कामातलं सर्वांत समाधान देणारं दृश्य आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत दुखरा. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्यांची मुलं केव्हाच तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसली, मागे उरले भूमिहीन, स्थलांतरित आणि एकट्या आया, मग समितीला वजन येणार कुठून? हे वास्तव नाकारता येत नाही. म्हणूनच जिल्हा परिषदेची शाळा पुष्कळांच्या तोंडी 'त्यांची शाळा' झाली आहे. पण याच कारणासाठी समितीत पालकांचंच बहुमत हवं, हा कायद्याचा आग्रह मोलाचा आहे. ग्रामसभेत ज्या बाईला शेवटच्या रांगेतही जागा मिळत नाही, तिला इथे कायद्याने खुर्ची दिली आहे. माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, बचत गटातल्या ताई, शहरात नोकरीला गेलेले गावकरी यांनी त्या खुर्चीवर बसू नये, तिच्यामागे उभं राहावं. अर्ज लिहून द्यावा, कार्यालयात सोबत जावं, सुट्टीत आले की मुलांना गोष्टी वाचून दाखवाव्यात. शाळेला टीव्ही देणाऱ्यापेक्षा शनिवारी येऊन चार मुलांचं वाचन ऐकणारा माणूस मला अधिक मोठा दाता वाटतो.

मला व्हावंसं वाटतं ते फार अवघड नाही. प्रत्येक समितीच्या विषयपत्रिकेवर दर महिन्याला एक कायमचा विषय असावा: मुलांचं वाचन आणि गणित. मुलांची नावं जाहीर न करता आकडे सांगावेत. मागच्या महिन्यात अक्षरांवर अडलेली नऊ मुलं होती, आता पाच आहेत. उरलेल्या पाचांसाठी शाळा काय करील, घर काय करील, याचे दोन ओळींचे ठराव व्हावेत आणि पुढच्या सभेत ते वाचले जावेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतातच. त्यांतल्या एकीत शाळेचा आराखडा समितीच्या अध्यक्षांनी, शक्यतो अध्यक्ष बाईंनी, स्वतः वाचून दाखवावा. रंगकाम आणि कुंपण इतिवृत्तात राहू द्यावं, त्यांचीही गरज आहे. फक्त त्यांच्याआधी त्या पाच मुलांचा विषय यावा, आणि त्याखाली ज्यांच्या सह्या असतील ते त्या सभेला खरोखर बसलेले असावेत.